शवासनाचं नाटक

चि. काशिनाथ,

आज आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. सूनबाई जयवंतीला घेऊन वसईला, आसनं शिकवणाऱ्या मास्तरांकडे जातो आहे. तीन वर्षं तिची कंबर दुखते आहे.

काल जयवंती शवासनात पडली होती, तेव्हा तुझी मंदा माझ्या शिकवणीच्या पोरांना म्हणाली, "बघा, आईचं नाटक सुरू झालं!" सगळी हसली. मंदाला पाढे मी शिकवले. हे वाक्य तुझं आहे. मला किळस आली ती पोरीची नव्हे, तुझी.

भात झाकून ठेवला आहे. विहिरीचं पाणी आज तूच भर. हंडा उचलताना गुडघ्यांत वाक, कंबरेत नको. आणि कंबर धरलीच, तर मंदासमोर कण्हू नकोस. ती हसेल.

— अण्णा