बिनविरोधाचा गुलाल

प्रिय वजीर,

काल संध्याकाळी मामादूचा फोन आला. आपण शांतिसेनेच्या निळ्या टोप्या घालून ज्या देशात होतो, तिथल्या जनरलनं निवडणूक पुन्हा पुढं ढकलली. टीव्हीवर ऐकलं होतं, पण आपल्या त्या दुभाष्यानं सांगितल्यावरच खरं वाटलं. त्याच्या मुलाला उचलून नेलंय. एवढं सांगून झाल्यावरही त्यानं तुझी चौकशी केली. तू लोणंदला नौशीनकडं आहेस, आजोबा झालास, हे ऐकून हसला बिचारा.

तिथल्या मतपेट्यांवर आपण पहारा दिला होता, आठवतं? जनरलच्या आधीचा तो अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हता. त्यानं रस्ते केले, दवाखाने बांधले. मुदत संपत आली तेव्हा त्यानं घटना बदलून घेतली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. विरोधातले काही तुरुंगात गेले, काही देश सोडून गेले. मग त्याला आपल्याच लोकांची भीती वाटू लागली, म्हणून त्यानं स्वतःसाठी खास तुकडी उभी केली. मेसमध्ये कांदा चिरता चिरता तू म्हणाला होतास, "सुभेदार, ह्यो गडी आता पहारेकऱ्यालाच भ्यायला लागलाय." मी हसण्यावारी नेलं. आपण परतल्यावर वर्षभरात त्या तुकडीचाच प्रमुख त्याच्या खुर्चीत बसला.

गावाकडचं सांगायचं तर मला पुन्हा सरपंच करायचं, तेही बिनविरोध, असं सगळ्यांचं ठरलंय. माझ्यासाठी गावभर धावपळ करणाऱ्या लालासाहेबानं आटपाडीहून गुलालाची पोती आणून ठेवलीत. बावीस वर्षं एका ताटात जेवलेला तूच माझ्याविरुद्ध अर्ज भरलास, याचा मला राग आला होता. तुला तो कळला असणार. अर्ज भरून तू लोणंदची गाडी धरलीस तेव्हा मी स्टँडवर आलो नाही.

मग परवाचं घडलं. पाण्याच्या टँकरच्या रांगेसाठी मी सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांचं रक्षक दल केलंय ना, त्यांना शिट्ट्या मीच दिल्या, कवायतही मीच शिकवली. दुपारी रंगुबाई घरी आली. "आवं सुभेदार, तुमच्या पोरांनी आमच्या म्हाताऱ्याला उन्हात सावधान हुबा केलाय! तुमीच सांगितलं व्हय?" धावत गेलो. धुळातात्या घागर पायाशी ठेवून ताठ उभे होते. मत वजीरला देणार, एवढंच रांगेत बोलले होते. पोरं म्हणाली, "साहेब, तुमच्यासाठीच केलं की." मी काहीच सांगितलं नव्हतं, गड्या. सांगायची गरजच उरली नव्हती.

तात्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, पाया पडलो. पोरांकडून शिट्ट्या परत मागितल्या. सगळ्यांनी दिल्या. त्यांचा म्होरक्या केरबा मात्र शिट्टी मुठीत धरून माझ्याकडं बघत राहिला. शेवटी दिली. पण त्या क्षणभरात मला तुझा कांदा आठवला.

फोनवर मला हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहून तुझ्या तौसीफच्या हाती पाठवतोय. वजीर, तुझे उपकार मी विसरणार नाही. सगळं गाव मला खांद्यावर घ्यायला निघालं असताना तू एकटा आडवा आलास. रविवारी लालासाहेब नारळ-फेटा घेऊन तुझ्याकडं येतोय. "सुभेदारांचा निरोप हाय, अर्ज मागं घ्या," असं तो म्हणेल. माझा निरोप तो नाही, हा आहे. अर्ज मागे घेऊ नकोस. वाटलं तर त्याला माझं अक्षर दाखव. सोमवारी तीनला मुदत संपेल तेव्हा फळ्यावर दोन नावं राहतील. नातवाला दुवा देऊन मंगळवारी ये, मी स्टँडवर असेन. त्यानंतर मी तुला पाडायला जिवाचं रान करणार आहे, आणि मतमोजणी होईपर्यंत गुलालाची पोती बांधलेलीच राहतील.

तुझ्याविरुद्ध उभा, आणि तुझाच,
तानाजी