भिंत पाडली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या

ती. भाऊजींस,

साष्टांग नमस्कार, आणि ताईलाही. (पत्र तिनेच आधी फोडलं असेल तर आधी तिला.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा. तुमचे गुडघे कसे आहेत? ताई अजून औषध घेतल्याचं नुसतं सांगते की घेतेही? हिची तब्येत बरी आहे. माझी तर इतकी ठणठणीत आहे की दिवसभर घरात बसून तिचं करायचं काय, असा प्रश्न पडलाय.

सगळ्यांत आधी, गेल्या वर्षीचं माझं पत्र घरात कुठे असेल तर ते फाडून टाका. आपला देश शेजारच्या देशांच्या व्यापारसंघात सामील झाला, त्याच आठवड्यात मी ते लिहिलं होतं. तुम्ही त्याच संघातल्या परक्या मुलखात, आमच्याच कंपनीच्या तिकडच्या कारखान्यात, कोठार सांभाळत किती दिवस काढणार, असं मी विचारलं होतं. आता इकडे परदेशी गुंतवणुकीचा पूर येणार, परत या, साहेबांच्या कानावर तुमचं नाव घालतो, असंही लिहिलं होतं. ('घालतो'खाली दोन रेघा मारल्याचं मला आठवतंय. तुम्हालाही आठवत असणार.) तुमचं उत्तर आलं नाही तेव्हा मी हिला म्हटलं, भाऊजी जळले. ही म्हणाली, भाऊजी हसत असतील. बायकोचं म्हणणं बरोबर निघालं की माणूस वर्षभर त्या विषयावर बोलत नाही, तसा मी बोललो नाही.

आमचा गैरसमज साधाच होता. बावीस वर्षांपूर्वी कंपनीने इथे नळांचा कारखाना काढला तो आमच्या हातातलं कसब बघून, असं आम्ही धरून चाललो होतो. मी तर पोरीला लहानपणी गोष्टीसारखं सांगायचो, की सात समुद्रांपलीकडून साहेब लोक वॉशर दाबणारा आपला अंगठा बघायला आले. खरं कारण सीमेवरची जकात. बाहेरचा नळ आत आणायचा तर जकात एवढी बसायची, की गिऱ्हाइकाने म्हणावं, त्यापेक्षा बादली बरी. म्हणून कंपनीने भिंतीला शिडी लावली, आत उतरली आणि आतच नळ करू लागली. संघात गेल्यावर जकात गेली, म्हणजे भिंतच पडली. भिंत पडल्यावर शिडी कोण सांभाळतं? पण तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मैदानातल्या सभेत मंत्री म्हणाले, दारं उघडलीत, आता भांडवल आत येईल. दारातून बाहेरही जाता येतं हे आमच्या एकशे चाळीस माणसांत एकालाही सुचलं नाही, आणि आम्ही सगळे रोज संध्याकाळी दारातूनच घरी जाणारे. टाळ्या मात्र कडाडून वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होतो.

महिन्याभरात एक साहेब आला. त्याला आम्ही वहीसाहेब म्हणायचो. (नाव उच्चारायला गेलं की शिंक आल्यासारखं व्हायचं.) तो प्रत्येकापाशी स्टूल घेऊन बसायचा आणि तू काय करतोस, कसं करतोस, असंच का करतोस, ते विचारून लिहून घ्यायचा. बावीस वर्षांत मला 'का' कुणी विचारलं नव्हतं, घरीसुद्धा. मी विरघळलो. नळाची शेवटची तपासणी माझी, तेव्हा माझं प्रकरण मोठं. मी म्हटलं, साहेब, तुम्ही कशाला हात दुखवता, मीच लिहून देतो. आणि भाऊजी, मी लिहिलं. एकशे बारा पानं, आकृत्यांसकट. वॉशर बोटाला कसा लागला की चांगला, टोपण किती आवळायचं, थेंब पडायच्या आधी नळ कसा आवाज करतो, सगळं. सहकारी म्हणाले, कारखाना वाढवणार म्हणून नव्या माणसांना शिकवायला हवंय. मला वाटलं, आता मला शिक्षक करतील. मी आरशासमोर उभा राहून थोडी तयारीही केली. (हिने पाहिलं. तिला विचारू नका.)

नवी माणसं आली, पण तुमच्याकडे. त्या वहीचं तिकडे पानास पान पुस्तक छापलं, तुमचा कारखाना दुप्पट झाला, आणि तिथले नळ आता जकातीशिवाय ट्रक भरभरून इकडे येतात. आमची यंत्रं उचलून नेली तेव्हा ती नीट बांधायला आम्हीच मदत केली, कारण ओरखडा उठलेला आम्हाला बघवत नाही. कारखान्याचं गोदाम झालंय. तिथे सहा माणसं आहेत. गोदामाचा पत्रा आणि फरशी कंपनीने नवी केली, ती परदेशी गुंतवणुकीत धरली जाते, म्हणून पेपरात आलं की संघात गेल्यापासून गुंतवणूक वाढली. खोटं नाही. फरशी खरंच छान आहे.

मला निरोपाला लाकडी फळीवर बसवलेला चकचकीत नळ दिला. मी तो फळीवरून काढून मोरीत लावला. तो टपकतो. तुमच्याकडचाच आहे, वर शिक्का आहे. टपटप ऐकत मी बसतो आणि मला संताप येतो, भाऊजी, खोटं कशाला बोलू, रडूही येतं. बावीस वर्षांत माझ्या हातून टपकणारा एक नळ बाहेर गेला नाही.

असो. काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. अजून हातपाय धड आहेत आणि मान ताठ आहे. ताईला सांगा, काळजी करू नको.

आपला,
(बेकार नव्हे, घरी असलेला) मेहुणा

ता. क. : तुमच्या कारखान्यात तपासणीला माणसं घेतायत असं कळलं. साहेबांच्या कानावर माझं नाव घालता येईल का? खाली दोन रेघा मारल्या तरी मी काही म्हणणार नाही. राहायला तुमचा व्हरांडाही चालेल.

ता. क. २ : अर्ज मी आधीच केलाय. त्याची लेखी परीक्षा इथे गोदामातच होते. मागच्या महिन्यात दिली आणि नापास झालो. शेवटचं टोपण आवळताना पाणी चालू हवं की बंद, असा प्रश्न होता. मी लिहिलं, चालू. बावीस वर्षं चालूच ठेवलंय, नाहीतर वॉशर नीट बसत नाही आणि नळ पुढे टपकतो. तपासणाऱ्याने सांगितलं, पुस्तकात सत्त्याऐंशीव्या पानावर 'बंद' असं स्पष्ट छापलंय. तेव्हा आठवलं. ते पान मी घरी, आमच्या मोरीतल्या जुन्या नळाकडे बघून लिहिलं होतं, आणि त्या दिवशी नळाला पाणीच आलं नव्हतं.

ता. क. ३ : वीस तारखेला परीक्षेची शेवटची संधी आहे. मूळ वहीची प्रत मी ठेवली नाही. तुमच्या कोठारात ते पुस्तक असेल तर एवढं सत्त्याऐंशीवं पान उतरवून पाठवा, म्हणजे अक्षर न् अक्षर तसंच पाठ करतो. आणि ते चुकलंय हे मी नोकरीला लागेपर्यंत तिथे कुणाला बोलू नका.