आमच्या शेवटच्या रेकॉर्डचा खरा वेग

मी, विल्फ्रेड ट्रँटर, वय चौऱ्याहत्तर, राहणार विलेनहॉल, आधीचा धंदा कुलपं घासणे, नंतरचा ‘कोल्ड फाउंड्री’ या रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. प्यालेलो नाही. रागावलेलो आहे. रागाने मृत्युपत्र बाद होत नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि जुन्या कुलूप-कारखान्यातला माझा स्टुडिओ माझी मुलगी हेझल हिला. या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझ्याइतकी हट्टी दुसरी कोणी नाही. माझ्या तीन कानशी तिने भंगारात देऊ नयेत. पंधराव्या वर्षी त्या हातात आल्या. किल्ली कुलपात केसभर अडते आहे हे आवाजावरून ओळखायला मी त्यांच्यावर शिकलो, आणि पुढे आयुष्यभर त्या कानांवरच पोट भरलं.

कलम २. माझं स्टॉपवॉच आमचा मॅनेजर माल्कम टुलेट याला. का, ते सविस्तर लिहितो, कारण हे वाचलं जाईल तेव्हा तो समोर बसलेला असावा अशी माझी इच्छा आहे.

माल्कमचं वीस वर्षं एकच पालुपद. “म्हाताऱ्यांनी नवं गाणं काढलं की लोक मुतायला उठतात, विल्फ. जुनंच वाजवा.” खोटं नाही. स्टेजवरून त्या पाठी मीही पाहिल्या आहेत. उठणाऱ्यांना स्वतःचं विसावं वर्ष परत हवं असतं, ते आम्ही कुठून आणणार? आमच्याकडे सत्तरावं होतं. त्याचंही गाणं होतं, आणि ते आम्ही केलं.

आम्ही तिघंच. मी, गाणारा डेस पार्गेटर आणि ड्रमवर हॉरेस फेलोज. डेसचा आवाज वयाने खाली उतरला होता, म्हणून आम्ही तारा सैल करून दोन पट्ट्या खाली आलो. या वयात सगळेच करतात, बोलत कोणी नाही. त्या खालच्या आवाजात डेस असा गायला की मी काचेआड मान फिरवून बसलो. आणि हॉरेस! पन्नास वर्षांत या माणसाने कधी घाई केली नाही. पब पेटला असता तरी हा त्याच चालीने दाराशी गेला असता. आम्ही दोघं भरकटायचो, तो नाही.

दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड बाजारात आली आणि आपटली. पेपरात छापून आलं, “पंचाहत्तरीचा ड्रमर शेवटची बस पकडायला निघाल्यासारखा धावतो आहे.” हॉरेस तेव्हा हॉस्पिटलात होता. मी गेलो तर चादरीवर दोन बोटांनी ठेका धरून स्वतःलाच तपासत होता.

“विल्फ, खरं सांग. मी घाई केली?”

पुरी झालेली आमची रेकॉर्ड मी कधीच ऐकत नाही. पहिल्या रेकॉर्डपासूनचा माझा नेम. हीही ऐकली नव्हती. ऐकली होती ती पेपरातली ओळ.

मी म्हणालो, “थोडी. वय झालं गड्या, चालायचंच.”

तो म्हणाला, “मग बरं झालं, थांबलो ते.” नवव्या दिवशी गेला.

अंत्यविधीनंतर त्याची बायको आयव्ही हिने ती रेकॉर्ड माझ्या हातात दिली. “घेऊन जा. मला ऐकवत नाही. यात तो घाबरलेला वाटतो.” तेव्हा नेम मोडला. पहिल्या चार ठोक्यांतच कळलं. माझी तार ढिली असल्यासारखी खडखडत होती आणि सूर मात्र घट्ट तारेचा होता. मूळ टेप काढली, स्टॉपवॉच लावलं. टेपवरचं गाणं पाच मिनिटं दहा सेकंद. रेकॉर्डवरचं चार मिनिटं छत्तीस.

माल्कमला गाठलं. म्हणाला, “अरे, टेप जरा जोरात फिरवली एवढंच. डेस चाळीस वर्षांनी तरुण झाला! कंपनी खूश होती.”

“आणि हॉरेस?”

“ड्रमकडे कोण लक्ष देतं, विल्फ?”

डेसला हे ठाऊक होतं. तो खाली मान घालून म्हणाला, “मला वाटलं, तुझे कान. तू पहिल्या मिनिटाला बोंब मारशील. मारली नाहीस, म्हणजे चालतंय.”

मारली नाही, कारण मी ती ऐकलीच नव्हती. म्हणून तो राग इथे लिहून ठेवतो, माझ्या नावाने.

कलम ३. डेसला माझा जुना मायक्रोफोन. अट एकच: त्याने आहे त्या आवाजात गावं.

कलम ४. मूळ टेप माझ्या मालकीची आहे. करारात तसं लिहून घेतलं होतं, मी कुलूपवाला आहे. ती आणि तिचे सर्व हक्क आयव्ही फेलोज हिला. मी ती तिच्या स्वयंपाकघरात वाजवली. किटली शिट्टी मारत राहिली, बाई उठली नाही. म्हणाली, “हा माझा माणूस. परत लाव.” टेप पुन्हा बाजारात आणायची की नाही हे तिने ठरवावं; आणलीच तर पाच मिनिटं दहा सेकंद, एक सेकंदही कमी नाही. हिट होईल का? मला माहीत नाही. पण आपटायचंच तर आमच्या चालीने आपटू.

कलम ५. मला पुरल्यावर सगळ्यांना क्लबात न्यावं. बिअर, पोर्क भरलेल्या पेस्ट्र्या, हवं ते द्यावं. मग बार बंद करावा, संडासाला कुलूप लावावं (चावी हेझलकडे, कुलूप मी केलेलं आहे, माल्कमला उघडणार नाही) आणि टेप पूर्ण वाजवावी.

कलम ६. हॉरेसच्या दगडावर नाव आणि सालं आहेत. खाली एका ओळीची जागा आहे, मी मोजून आलो. आयव्हीची परवानगी घेतली आहे. तिथे माझ्या खर्चाने कोरावं: “त्याने घाई केली नाही.”

हे त्याला मीच सांगायला हवं होतं.

विलेनहॉल, ११ मार्च २०१९
विल्फ्रेड ट्रँटर (सही)

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. या कागदाने आम्हाला काहीही मिळणार नाही. सही करताना त्यांचा हात स्थिर होता. त्यांनी सावकाश सही केली.

१. मार्जरी हॉलिस, निवृत्त ग्रंथपाल (सही)
२. बलविंदर गिल, फिश-चिप्सचं दुकान (सही)