नर रातांबा तोडणाऱ्या पुतण्यास

मी, गोजरा नामा भोपी, वय बहात्तर, राहणार करंजाडे, तालुका पनवेल, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुतण्या मितेश याला त्याबद्दल शंका होती, म्हणून तो मुद्दाम घेतला.

१. मला मूलबाळ नाही. राहते घर, मागची वाडी व नाक्यावरचा गाळा माझ्या यजमानांनी हयातीतच माझ्या नावावर केला. त्यात भावकीचा हिस्सा नाही. जाऊ अरुणा, मितेशची आई, याच घरात राहून जन्मभर मला वांझ म्हणाली आणि जन्मभर माझीच आमसुले आमटीत घालत आली.

२. वाडीत रातांब्याची झाडे आहेत. सालीची आमसुले, रसाचे आगळ, बियांच्या तेलाचे मुठेल. एक फळ मी वाया जाऊ दिले नाही. कुंपणाजवळचे एक झाड फुलायचे, पण फळ धरत नसे. मी भावाकडे गेले असताना मितेशने ते तोडले आणि तिथे गाडी लावली. जाब विचारला तर म्हणाला, "काकी, वांझोटा झार व्हता तो. ठेवून कोनाचा भला?"

ते झाड नर होते. रातांब्यात नर वेगळा, मादी वेगळी. पुढच्या हंगामात बाकीच्या झाडांची फुले नुसती गळून गेली. मितेश म्हणाला, हवा बिघडली. शेवटी मी नराची काडी मिळवून एका मादी झाडावर कलम केले. तेव्हा फांदी धरायला त्याची बायको निशिगंधा होती. यंदा झाडे पुन्हा लागली.

३. मला लावलेला 'वांझ' हा शब्द आता निशिगंधाला ऐकावा लागतो. तिला जुईनगरला माहेरी धाडून मितेशचे दुसरे लग्न करायचे, असे मायलेकांनी ठरवले आहे. म्हणून घर व वाडी, झाडांसकट, मी एकट्या निशिगंधाला देते. कोणाला घर सोडायचेच असेल, तर त्या दोघांनी सोडावे.

४. अरुणाला मुठेलाचा गोळाही देऊ नये. तिच्या टाचांना भेगा पडतात, हे मला ठाऊक आहे.

५. गाळा मितेशला मिळेल. अट एकच. माझ्या बाराव्याला त्याने भावकीसमोर उभे राहून पुढील वाक्ये मोठ्याने वाचावीत. वकीलबाई गीतांजली यांनी ती गाळायला सांगितली होती. मी ऐकले नाही.

"निशिगंधाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. तिच्यात दोष नाही. माझी तपासणी मी आजवर करू दिलेली नाही."

वाचायला जीभ रेटली नाही, तर गाळाही निशिगंधाचा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एक अक्षर बदलायचे नाही.

सही: गोजरा नामा भोपी

साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही झाली:
१. डॉ. संघप्रिया कांबळे
२. विलास गोवारी (भाऊ)

करंजाडे, १४ मे २०२५