रिकामी कात्री

३ नोव्हेंबर १९७२
आजच्या एका शर्टाचा खरा खर्च: अडीच वार पॉपलीन, एक जुनं गिऱ्हाईक आणि दोन थापा. गिऱ्हाइकाला सांगितलं, कात्री बोथट झालीय. घरी बायकोला, क्लॅरिसला सांगितलं, गिऱ्हाईकच कटकट्या. झालं एवढंच, कापता कापता उजवा अंगठा कात्रीच्या कड्यात वाकून अडकला. डाव्या हाताने ओढला, तेव्हा टक्‌ करून सरळ झाला. थंडीचं असणार.

९ नोव्हेंबर
रीटाच्या लग्नाचं सॅटिन आलं. आमच्या थोरल्या ऑगस्टीनने कुवेतहून पाठवलं. एकच पीस, त्याच्या जोडीचं मुंबईत मिळणार नाही. सगळ्यांदेखत सांगून टाकलं: पोरीचा गाऊन बाप कापणार. गोराईहून आलो तेव्हा जवळ ही एक कात्री. तिच्यावर बोरिवलीत दुकान उभं केलं. धारवाला सोडला तर तिला परका हात लागला नाही, लागणारही नाही.
विन्सेंट म्हणाला, मास्तर, मदत लागली तर हाक मारा. माझ्याकडेच शिकला, आता समोर दुकान. म्हटलं, बाबा, हे सॅटिन आहे, बोंबील नाही. सगळे हसले. तोही हसला.

१४ नोव्हेंबर, सकाळ
चहाचा कप हातातून सुटेना. टक्‌. आतून क्लॅरिस ओरडली, अहो, रिकामी कात्री वाजवू नका, घरात भांडणं होतात! बरं, म्हटलं. कात्रीवर गेलं ते झकास झालं.
उद्यापासून मिठाच्या गरम पाण्याचा शेक.

२७ नोव्हेंबर
शेक राहिला. डॉक्टरकडे गेलो, नुसता चौकशीला. म्हणाला, अंगठ्याची दोरी सुजून आत अडकते. इंजेक्शन घ्या, नाहीतर छोटं ऑपरेशन. तोवर कात्री बंद. म्हटलं, लग्नानंतर बघू. तरुण आहे, घाबरवतो.

११ डिसेंबर
दुकानाचं कुलूप शेजाऱ्याकडून उघडून घेतो. गंजलंय म्हणून सांगतो. नाताळची शिलाई यंदा घेतली नाही, लग्नघर आहे ना. सगळी गिऱ्हाइकं समोर गेली. जाऊ देत.
दुपारी दाढी करताना टक्‌. क्लॅरिस दारात येऊन उभी. म्हणाली, कात्री तर सकाळीच धारेला दिलीत. मग माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. म्हणाली, विन्सेंटला सांगा. मी म्हटलं, माझी मयताची पेटी उचलायला सांग त्याला.
भांडण झालं. म्हणतात ते खोटं नाही.

२ जानेवारी १९७३
गाऊन कापायला घेतला. पाठ फर्स्टक्लास. पुढचा भाग निम्मा झाला आणि अंगठा अडकला. झटका दिला. टक्‌ आणि चर्र एकदमच. गळ्यापासून कमरेपर्यंत फाटलं.
रीटा बघत होती. म्हणाली, पप्पा, हात दुखला का?
रडली असती तर बरं झालं असतं.

१४ जानेवारी, रविवार
लग्न लागलं. फाटलेल्या जागी लेस आली, कुणाला कळलं नाही. चर्चच्या पायरीवर माणसं म्हणत होती, मास्तर, हात अजून तसाच आहे हां! मी थँक्यू म्हटलं. हात कोटाच्या खिशात होता. कोटाची बटणं क्लॅरिसने लावली होती.
उरलेला गाऊन विन्सेंटने कापला, माझ्या कात्रीने. कात्री त्याच्याकडेच आहे.