राजलक्ष्मीचा फ्रॉक

सिस्टर ओलिंडा यांना,
नमस्कार.

द्रोणागिरीजवळच्या आमच्या खाडीकाठच्या वस्तीत तुम्ही दर नाताळला मुलांना भेटी वाटायला यायचात. मी सहा वर्षांची होते, तेव्हाचं सांगते. गाडीतून खोकी उतरवताना तुम्ही मला विचारलंत, "तुझी ताई कुठंय?" मी म्हटलं, "ताई गणपतीत तापानं वारली."

थोड्या वेळानं तुमच्यासोबतच्या बाईंनी जुनी यादी वाचताना ताईचं नाव घेतलं, "राजलक्ष्मी." कोळंबी सोलून फुगलेले हात पदराला पुसत आई पुढं गेली.

"घरी हाय ती. माझ्याकडं द्या."

मी घाबरून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खोक्यातून पिवळा फ्रॉक काढलात, त्याची घडी नीट केलीत आणि आईच्या हातात ठेवत म्हणालात, "तिला छान दिसेल."

घरी येऊन आई तो फ्रॉक छातीशी धरून खूप रडली. ताई गेल्यापासून ती रडलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं कितीतरी महिन्यांनी माझी वेणी घातली.

आता मी खारघरला नर्स आहे. आई अजून म्हणते, "सिस्टर लई साध्या. मी खोटं बोलले, ते त्यांना कळलंच नाही." तुम्हाला मी आधीच सांगितलं होतं, हे मी तिला अजून कळू दिलेलं नाही.

तुमचे आभार मानायचे होते, म्हणून लिहिलं. पण पाठवलं तर तुमचं उत्तर येईल, आणि आई ते माझ्याकडून वाचून घेईल.

तुमची,
ज्ञानेश्वरी