वकगस

१२ जानेवारी, रविवार

‘बाबांना आता काही कळत नाही.’ ताई हे बाबांच्या समोर म्हणाली! पलंगापासून दोन हातांवर, चहाचा कप हातात धरून.

मी म्हटलं, हळू बोल. म्हटलं म्हणजे ओरडलो. मग ती ओरडली. मग खालची कुत्री.

तिने आंबिवलीला खोली बघून ठेवली आहे, मोबाइलवर फोटोही दाखवले. म्हाताऱ्या माणसांचं सेवाघर. अंगण, दोन नर्स, वेळेवर जेवण. दोन फेब्रुवारीपासून. ‘भीमाबाई महिनाअखेरीला गावी चालली. तू दिवसभर कॉलेजात. ठाण्याला माझ्याकडे पाय ठेवायला जागा नाही. मग कोण बघणार, सांग ना! आणि इथं काय, तिथं काय, त्यांना फरक कळणारे का?’

कळणार आहे. सगळं कळतं त्यांना.

कशावरून, ते मात्र सांगता आलं नाही.

१३ जानेवारी

एक वाक्य हवं. बाबांकडून एक पूर्ण वाक्य. मग बघतो ताई काय बोलते ते.

१५ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताच्या झटक्याने उजवी बाजू गेली, त्याबरोबर भाषा गेली. ‘ऐकू येतं. अर्थ लागत असेलच असं नाही.’

असेलच असं नाही म्हणजे काय? लागतो की लागत नाही?

‘तुम्ही मराठी शिकवता ना?’ म्हणाले. जसं काही वाक्य माझंच चुकलं होतं!

पाटी देऊन पाहिली. डाव्या हाताने पेन्सिल धरवत नाही. मोबाइल दिला, ढकलून दिला. लॅपटॉपकडे बघितलं ते दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसं.

शेवटी माळ्यावरून डबा काढला. जुना घरगुती संगणक, टीव्हीला जोडायचा. यंत्र आणि कीबोर्ड एकाच खोक्यात. बाबांनी सत्त्याऐंशी साली घेतला, मी सहा वर्षांचा होतो. ते खोपटला, एसटीच्या आगारात मराठी टंकलेखक. दिवसभर टाइपरायटर, घरी आल्यावर हा. याच्यात त्यांनी मराठी अक्षरं स्वतः बसवली, एकेक ठिपका जोडून. मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. ‘लांब हो.’ माझ्या लहानपणातलं बाबांचं हे एवढंच वाक्य मला नीट आठवतं.

डबा पलंगावर ठेवला. बाबांनी डावा हात उचलला आणि त्यावर ठेवला. तीन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून!

१६ जानेवारी

डबा चालू होतो. कॅसेटवरून अक्षरांचा प्रोग्रॅमही चढला, चौथ्या खेपेला. कीबोर्ड मेला आहे. कळांखालचा पातळ पट्टा बोट लावलं की कोंड्यासारखा गळतो. तसा पट्टा आता कुठे बनत नाही.

म्हणजे हे माझंच काम. ताईच्या शब्दांत, ‘संद्याची भंगारगिरी’. जुन्या संगणकांना आजचा कीबोर्ड लावता यावा म्हणून मधली पट्टी मी बनवतो. आतापर्यंत एकतीस केल्या. एक जर्मनीला गेली. घरातल्या डब्यासाठी एकही नाही.

१८ जानेवारी

आत आठ तारा आडव्या, आठ उभ्या. कळ दाबली की एक आडवी तार एका उभीला टेकते. संगणकाला तेवढंच समजतं. माझी पट्टी नव्या कीबोर्डचं ऐकते आणि त्याच दोन तारा टेकवते. कोणत्या कळेला कोणत्या तारा, याचा एक तक्ता असतो. तो मी लिहितो. दुभाष्याचं काम आहे. दुभाषा चुकला तर दोघंही वेडे ठरतात.

बाबांच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं कुठे आहेत ते बघितलं. अंदाधुंदी! K दाबलं की काना. D दाबलं की क. J ला र. टाइपरायटरची जुनी मांडणी. आता ती येते कोणाला? तक्त्यात मी सगळं सरळ केलं. K ला क, R ला र, M ला म. उच्चाराप्रमाणे. प्रत्येक कळेवर ठळक अक्षर चिकटवलं. आता शेंबडं पोरसुद्धा लिहील.

२० जानेवारी

तारा टेकवणारी चिप मेलेली निघाली. दुसरी आणली, तीही मेलेली. दोन्हींवरची अक्षरं खरवडून नवी छापलेली. दुकानदार म्हणतो, ‘साहेब, माल चेक करून न्यायचा ना.’ कसा चेक करू? जिभेवर ठेवून?

दुकानात बरंच बोललो. लोक जमले. तिसरी चिप त्याने नुसती हातात कोंबली.

२१ जानेवारी

ताईचा फोन. सेवाघराच्या फॉर्मवर दोघांची सही लागते. मी देणार नाही म्हटलं. ‘बाबांनी स्वतः हो म्हटलं तर देशील?’ — आणि हसली. म्हणजे बाबा काहीच म्हणणार नाहीत, याची तिला किती खात्री!

देईन, म्हटलं. आणि नाही म्हणाले तर तुझा फॉर्म फाडीन.

फोन ठेवला तर भीमाबाई दारात उभी. पिशवी खांद्याला, निघायच्या तयारीत. ‘दादा, तुमी आलात की मी टीव्ही बंद करते. दोन-दोन आवाज नकोत.’

हिलाही आत्ताच विनोद सुचायचा होता!

२५ जानेवारी, शनिवार

झालं! मी टाइप केलं, टीव्हीवर उमटलं: बाबा. काळ्यावर पांढरं, ठिपक्याठिपक्याचं.

बाबांना उशीला टेकवून बसवलं. कीबोर्ड मांडीवर. त्यांनी वाचलं. वाचलंच, मी शपथेवर सांगीन. मग डावा हात ठेवला आणि लिहायला लागले. थांबत, चाचपडत. पण थांबेनात! वीस मिनिटं.

स्क्रीनवर कचरा. एयक. अफच. मध्येच अर्धविराम. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द — वकगस. वकगस. वकगस.

लिहून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. वाट बघत.

मी त्यांचं बोट धरून कळांवरची अक्षरं दाखवली. बाबा, खाली बघा. क इथं आहे. म इथं. खाली बघतच नाहीत! माझा हात झटकला आणि पुन्हा तेच. वकगस.

मी ओरडलो. बघा की जरा! एवढी मोठी अक्षरं लावलीत!

त्यांनी हात पोटावर घेतला. डोळे मिटले.

२६ जानेवारी

ताई आली. टीव्ही बघून म्हणाली, ‘वकगस? संद्या, हे वाक्य आहे?’ हसली नाही. हसली असती तर बरं होतं. फोटो काढला, डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत: ‘अक्षरं आहेत. भाषा नाही.’

जाताना ती बाबांच्या पायांवरची चादर नीट करून गेली. त्याचाही मला राग आला.

२७ जानेवारी

कीबोर्ड उचलून ठेवला.

२८ जानेवारी

परत मांडीवर दिला. त्यांनी मागितला. म्हणजे त्याच्याकडे बघत राहिले. वकगस.

२९ जानेवारी, बुधवार

रखमाबाई आल्या. खोपटला बाबांच्या शेजारच्या टाइपरायटरवर बावीस वर्षं. वय पंचाहत्तर, कल्याणहून रिक्षाने एकट्या. रिक्षावाल्याशी भांडून आल्या होत्या, त्यामुळे मला लगेच आवडल्या.

‘काय धोंडिबाभाऊ, रिटायर होऊनही टकटक चालूच का?’

मी टीव्ही दाखवला. म्हटलं, असं लिहितात, बघा. ‘चष्मा घरी राहिला रे. मला ते लांबचं नाही दिसत.’ खुर्ची ओढून पलंगाला लावली आणि बाबांच्या हाताकडे बघत बसल्या. मी बोलत होतो. झटका, डॉक्टर, भाषा. त्यांनी एक बोट वर केलं. मी गप्प.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘बरोबर मारतायत की.’

काय बरोबर?

‘आत्ता ‘आहे’ मारलं. अ, काना, ह, मात्रा. डावा हात उजव्याच्या घरात जाऊन मारतोय म्हणून अडखळतायत. बोटं जागेवरच पडतायत.’

मी स्क्रीनवर बघितलं. वकगस.

‘हे बघ, आता वेलांटी. आता ब.’

आधी वेलांटी? — असं मी विचारलं. एम.ए. मराठी.

‘मग! टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर मागून. व... ल... आंबिवली का हो भाऊ? आंबिवलीला कोण आहे तुमचं?’

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि रडले. आवाज न करता.

रखमाबाईंनी कीबोर्ड उचलून डोळ्यांजवळ नेला. ‘K वर क? हे कुठल्या येड्यानं केलं?’

मी म्हटलं, मी.

‘शिकलेला ना रे तू!’

त्या गेल्यावर ताईला फोन. पंधरा मिनिटं. सगळं ऐकवलं. त्यांना आंबिवली माहीत आहे! चार दिवस तेच लिहितायत! घाबरलेत ते, आणि तू त्यांच्या उशाशी बसून खोलीचे फोटो दाखवत होतीस मला! ती रडायला लागली. मी थांबलो नाही.

३० जानेवारी

तक्ता बदलला. वीस मिनिटांचं काम. माझी ‘सुधारणा’ खोडली, प्रत्येक कळ तिच्या जुन्या तारांना परत दिली. चिकटवलेली अक्षरं नखाने काढली.

चाळीस वर्षं ज्याची बोटं एका मांडणीवर चालली, त्याला मी दुसरी शिकवायला निघालो होतो. का? कारण मीही धरून चाललो होतो की आतलं सगळं पुसलं गेलंय आणि नव्याने गिरवून घ्यावं लागणार. ताई ते तोंडाने म्हणाली. मी तक्त्यात लिहिलं.

पण लढाई मीच जिंकलो! रविवारी ताई गाडी घेऊन येईल. तिला पलंगासमोर बसवीन. टीव्ही लावीन. म्हणेन, वाच.

संध्याकाळी बाबांसमोर कीबोर्ड ठेवला. हात ठेवून झोपले. दमलेत. उद्या.

३१ जानेवारी

बाबांनी लिहिलं. एकही चूक नाही, पूर्णविरामासकट.

‘मला आंबिवलीला जायचे आहे. येथे तू फार ओरडतोस.’

मग फॉर्मवर सही केली आणि ताईला फोन लावला. सांगितलं.

‘हॅलो? संद्या, काय म्हणतोयस? अरे, मोठ्याने बोल ना, काही ऐकू येत नाहीये.’